डोळा हलवू नका

संपादकांचा निरोप आला, कामातले अनुभव लिहा. दिवाळी अंक आहे, तेव्हा जरा उमेद देणारं असू द्या. उमेदीचं लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यांना विचारा. शिवाय अनुभव लिहिणारा माणूस निवृत्त, पिकल्या केसांचा असावा अशी आपल्याकडे रीत आहे. मी तिशीतली. आजवर जे लिहिलं ते आमच्या संघटनेच्या पत्रकांवर: वर मोठ्या टायपात मागणी, खाली सभेची जागा, मध्ये चार ओळींत संताप. त्यामुळे भाषा खरखरीत लागली तर चालवून घ्या. सवय तीच आहे.

मी भिवंडीत डोळे तपासते. डॉक्टर नाही. एका ट्रस्टच्या दवाखान्यात मागच्या बाजूला लांबट खोली आहे, तिथे बसते. चष्मा लावून ज्यांचं भागत नाही, ऑपरेशनने सुधारत नाही, आणि जे पूर्ण आंधळेही नाहीत, असे लोक माझ्याकडे पाठवतात. आमच्या धंद्यात त्याला लो व्हिजन म्हणतात. गावात त्याला नावच नाही. लोकांच्या हिशेबी माणसाला एक तर दिसतं, नाही तर दिसत नाही. मधल्या माणसाला शाळेत ढ म्हणतात आणि कामावर कामचोर.

खोलीत भिंतीवर अक्षरांचा तक्ता आहे, वर मोठं अक्षर आणि खाली बारीक होत जाणारं. भिंगांची पेटी आहे. बुबुळावर उजेडाची पट्टी फिरवून नंबर ओळखायचं हातातलं यंत्र आहे. न बोलणाऱ्या बाळाचाही नंबर त्याने निघतो. एका कपाटात मदतीची भिंगं: हातात धरायची, कागदावर उपडी ठेवायची, आतून दिवा लागणारी. लांबच्या एसटीची पाटी वाचायला बोटाएवढी दुर्बीण. हे सगळं बघून नवीन माणूस म्हणतो, "ताई, खेळण्याचं दुकान काढलंय काय?"

एक गुरुजी यायचे. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग वयाने गेलेला. मी विचारलं, "काय वाचायचंय तुम्हाला?"

"श्रद्धांजल्या."

"फक्त?"

"बाकीच्या बातम्या बायको वाचून दाखवते. पण गेलेल्यांची नावं ती गाळते, मला त्रास नको म्हणून. परवा नाक्यावर एका बाईंना विचारलं, मिस्टर काय म्हणतात? त्यांचं तेरावं होऊन गेलेलं. असली फजिती परत नको."

त्यांना मी दिव्याचं उपडं भिंग दिलं. नंतर आले ते तक्रार घेऊन. "भिंग उत्तम आहे तुमचं. पण सगळे माझेच विद्यार्थी दाखवतंय."

गुरुजींसारखे लोक सोपे. तक्ता वाचता येत नाही, म्हणजे दोष आहे, हे सगळ्यांना पटतं. मला सांगायचंय ते कैलासचं. कैलास तक्त्यावरची शेवटची ओळ वाचायचा, आणि त्याचं वाटोळं तिथूनच सुरू झालं. नाव बदललंय. "माझ्या नावाचा कागद छापू नका, गावात वाचतात," असं त्यानेच बजावलंय.

वज्रेश्वरीच्या रस्त्याला त्याचं गाव. पॉवरलूम चालवणारे बहुतेक बाहेरून आलेले. आमच्या आगरी पोरांत लूमवर टिकलेला विरळा. कैलास टिकला होता. त्याला माझ्याकडे आणलं त्याच्या बायकोने, वनितावहिनींनी. आल्या आल्या त्यांनी नवऱ्याची पँट गुडघ्यापर्यंत वर ओढली.

"ताई, या नडग्या बघा. मानसाच्या हायत का भांडनाऱ्या बैलाच्या?"

जुन्या जखमा, त्यावर नव्या. कैलास लाजला. "अगं, डोले दाखवायला आलोय ना? पाय कुठं दाखवतेस?"

मी त्याला तक्त्यासमोर बसवलं. त्याने धडाधड वाचलं, शेवटची ओळसुद्धा. मग म्हणाला, "खाली छापखान्याचं नाव हाय, ते पन वाचू?"

सिक्स बाय सिक्स. ठणठणीत. भिवंडीतल्या कुठल्याही शिबिरात त्याला "पुढचा" म्हणून उठवलं असतं, आणि उठवलंही होतं. तो उठला, वळला, आणि दाराशेजारच्या स्टुलावर असा आदळला की स्टूल दोन हात लांब गेलं.

"मध्येच ठेवलाय कोनी?" तो म्हणाला.

मी त्याला परत बसवलं. समोरासमोर, गुडघ्याला गुडघा. "माझ्या नाकाकडे बघा. बाजूने बोट आणते, दिसलं की सांगा." बोट कानापासून निघालं, गालापाशी आलं, माझ्या नाकपुडीला लागायला आलं तेव्हा तो म्हणाला, "हां." दुसऱ्या बाजूनेही तसंच. वरून, खालून तसंच. हात लांब करून ताटली धरा. त्या ताटलीत मावेल तेवढंच जग त्याला दिसत होतं, आणि त्या ताटलीतलं मात्र लख्ख.

हा पडद्याचा आजार. कडेकडून विझत येतो. आधी रात्रीचं जातं. लहानपणी संध्याकाळ झाली की कैलास ओट्यावरून पडायचा. आजीने कलेजी खाऊ घातली, देवीला नवस केला. पुढे लूमवर लागल्यावर बाकीचे रात्रपाळीला रडायचे, हा मागून घ्यायचा. सगळ्यांना वाटलं केवढा कष्टाळू. खरी गोष्ट अशी की आत ट्यूबलाईट असते. उजेडात आत शिरायचं, उजाडल्यावर बाहेर यायचं. अंधाराशी गाठच नको. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

तुम्ही विचाराल, एवढी वर्षं कोणाला कळलं कसं नाही? लूमवर माणसाचे डोळे कसे बघतात ते सांगते. मुश्ताकशेठ, त्याचा मालक, नवा कारागीर आला की बोलत बसत नाही. तुटलेली तार, म्हणजे सुताचा धागा, हातात देतो. "गाठ मार." गाठ दिसली नाही, हाताला लागली नाही, की माणूस पास. कैलासची गाठ शोधून सापडायची नाही. गाठ समोर असते. तक्ताही समोर असतो. शिबिरातला डॉक्टर आणि मुश्ताकशेठ एकच परीक्षा घेत होते आणि दोन्हीत कैलास पहिला येत होता.

आणि कारागिराची नजर. लूमवरच्या माणसाचा डोळा एका जागी ठरत नाही. ताण्यावर, म्हणजे उभ्या सुतात, हजारो तारा, कुठली तुटेल सांगता येत नाही. सुताची कांडी संपत आली का, आडवा धागा नेणारं शटल नीट आहे का, शेजारचा लूम थांबला का. नजर झाडू मारल्यासारखी फिरती ठेवायची, हे पहिल्या दिवशी शिकवतात. कैलास ती ताटली एवढ्या झपाट्याने फिरवायचा की त्याला वाटे, आपल्याला सगळं दिसतं. बहुतेक वेळा दिसायचंच. पण दोन लूमच्या मधली गल्ली अरुंद. सुताने भरलेला बीम, म्हणजे जड रूळ, ढकलत कोणी आलं तर दुसऱ्याला आवाजावरून कळावं म्हणावं, तर त्या खडखडाटात कानही बंद. त्या नडग्या तिथल्या होत्या. नुकतीच बीमची लोखंडी कड गुडघ्याला चाटून गेली होती. आज ना उद्या पाय जाणार किंवा हात, हे मला दिसत होतं. त्याला नव्हतं.

उपाय साधा होता. शेडमध्ये तागा तपासायचं टेबल असतं. दिवा लावलेल्या टेबलावरून कापड पुढे सरकत राहतं, बसून दोष शोधायचे आणि खडूने खूण करायची. समोरची नजर लख्ख असलेल्या माणसाला याहून चांगलं काम नाही. कैलासला गल्लीतून उठवून टेबलावर बसवा, एवढंच मागायचं होतं. मी मुश्ताकशेठकडे गेले.

मुश्ताकशेठ जुन्या कोकणी मुसलमान घरातला. माझे वडील त्यांच्या घरी दूध घालायचे. मला बघून चहा मागवला.

"बोल बेटी. पत्रक नाही ना आणलंस? तुझ्या पत्रकाची भीती वाटते."

मी सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, हे कबूल करते.

"कैलास? अगं, सुईत धागा ओवतो तो डोळे झाकून. त्याला दिसत नाही?"

"बाजूचं दिसत नाही, शेठ."

"हे बघ, टेबल म्हाताऱ्यांचं. तिथे आमचा यूसुफ बसतो, त्याचं वय झालंय. धडधाकट माणूस बसवला तर उद्या सगळे म्हणतील, आम्हालाही बाजूचं दिसत नाही. तू मला कागद आण. सरकारी. मग बसवतो. जबान आहे माझी."

मध्यंतरी मी कैलासला एक वस्तू दिली. फ्लॅटच्या दाराला बाहेर कोण आलंय बघायचं भिंग असतं ना, ते. हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. डोळ्याला लावलं की मोठी जागा लहान होऊन आत मावते. महागडी साधनं आहेत, पण ती आमच्या कपाटात नाहीत. कैलासने लावून बघितलं आणि खुर्चीत उडालाच. "आयला, अख्खी खोली! पंखा पन हाय का हितं?" तो चार वेळा माझ्या खोलीत आला होता. पंखा त्याला पहिल्यांदा दिसला.

ते भिंग तो शेडमध्ये घेऊन गेला. तिथला जॉबर तिवारी, म्हणजे लूम दुरुस्त करणारा, ओरडला, "घंटी बजाओ रे, कैलास सेठ दरवाजा खोलेंगे!" रात्रभर जो तो येऊन त्याच्या पाठीवर टकटक करून जायचा. सकाळी भिंग पिशवीत गेलं. तसंही लूमवर हात मोकळा कुठे असतो. पांढऱ्या काठीचा तर विषयच काढायला दिला नाही त्याने. "काठी धरली का लूम गेला, ताई."

म्हणून कागद. दिव्यांग हा शब्द सरकारने दिला, छान दिला. त्याचा दाखला काढायला सरकारी डॉक्टरांच्या बोर्डापुढे जावं लागतं. कुठल्या दवाखान्याचं बोर्ड ते लिहीत नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीचे सुटतात.

बसमध्ये वहिनी त्याला सांगत होत्या, "थोडं कमी वाचा ना. शेवटची ओल सोडून द्या. काय बिघरतं?"

"दिसतंय तं न्हाय कसं बोलू? मना खोटं बोलता येत न्हाय, तुला म्हाईत हाय."

खोटं बोला असं मी सांगणार नव्हते, आणि बोलायची गरजही नव्हती. नजरेचा घेर कमी असला तरी दाखला मिळतो असं नियमात स्पष्ट आहे. नियम मी पाठ केलाय, झेरॉक्स पिशवीत होती.

बोर्डाच्या खोलीत कैलासने शेवटची ओळ वाचली. खालचं छापखान्याचं नावही वाचलं, न विचारता. डॉक्टर हसले. "यांना कशाला आणलंत?"

मी म्हणाले, "घेर मोजा."

"घेराचं मशीन बंद आहे."

मशीन कोपऱ्यात होतं. प्लास्टिकच्या कव्हराखाली, कव्हरवर कोणाची तरी डब्याची पिशवी. चालवणारा माणूस बदलून गेला, दुसरा आला नव्हता. कैलासच्या कागदावर 'सामान्य' लिहिलं. मी भांडले. पत्रक काढलं, 'कव्हर काढा!' त्याचं शीर्षक. दवाखान्याच्या फाटकावर उभं राहून वाटलं. शिपायाने एक मागून घेतलं आणि त्यात भजी बांधली, माझ्यासमोर. पण पुष्कळ खेटे घातल्यावर चालवणारा आला आणि कैलासला तारीख मिळाली. मला वाटलं, आपण जिंकलो.

ते मशीन कसं असतं सांगते. पांढरी अर्धगोल परात उभी केल्यासारखी. हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, परातीच्या मधोमध एक बारीक दिवा असतो त्याकडे बघत राहायचं. आजूबाजूला कुठेही ठिपके चमकतात. दिसला की हातातलं बटण दाबायचं. अट एकच, आणि ती मशीन चालवणारा पुन्हा पुन्हा बजावतो: डोळा हलवू नका. प्रत्येक डोळ्यात जन्मतःच एक जागा अशी असते जिथे काहीच दिसत नाही. मशीन मधूनमधून मुद्दाम तिथे ठिपका दाखवतं. तो तुम्ही पकडलात, म्हणजे तुमचा डोळा जागेवर नव्हता.

कैलासने सगळे पकडले. जवळजवळ सगळे. आयुष्यभर नजर झाडू मारत आलेला माणूस. ठिपका चमकेल तिथे डोळा गेलाच. चालवणारा ओरडत होता, "मध्ये बघा, मध्ये!" कैलास म्हणत होता, "मध्येच बघतोय." त्याला खरंच तसं वाटत होतं. बाहेर आला तेव्हा घाम पुसत मला म्हणाला, "एक पन सोडला न्हाय, ताई."

अहवालावर शेरा: डोळा स्थिर नाही, तपासणी विश्वासार्ह नाही. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलंच नाही. "ही अशी माणसं शिकवून आणता तुम्ही."

ज्या कसबावर तो लूमवर टिकला त्याच कसबाने त्याला खोटारडा ठरवलं. हे मी तिथे बोलले. कोणी लिहून घेतलं नाही.

पुढची तारीख मिळेपर्यंत डोळा थांबवायला शिकवणं एवढंच हातात होतं. त्याच्या घरी वहिनींनी कपाळाची लाल टिकली काढून भिंतीवर चिकटवली. कैलास समोर पाटावर. मी सांगितलं, टिकलीकडे बघायचं, काहीही झालं तरी. वहिनी बाजूने उलथनं आणतील. दिसलं की बोला. पहिले काही दिवस त्याची नजर पळायची. वहिनी चिडायच्या. "टिकली बघा म्हटलं ना! एरवी माझ्या कपालावर कधी बघितली न्हाय, आता तरी बघा."

मग एकदा मी गेले असताना त्याने ते साधलं. डोळा टिकलीवर बसला. वहिनींनी उलथनं कानापासून आणलं, गालापाशी आणलं.

"आन ना," कैलास म्हणाला. "कुठं हाय?"

उलथनं टिकलीला टेकत आलं होतं.

"हां. आता दिसला."

वहिनींनी उलथनं तिथेच धरून ठेवलं. त्यानेच विचारलं, "मगापासून हितंच होतीस? एवढ्या जवल?" मग नजर तशीच ठेवून म्हणाला, "तू कुठं हायस?" त्या त्याच्या खांद्याशी होत्या. हसू येईल असं काही तिथे नव्हतं. तोवर त्याला कधी कळलंच नव्हतं की आपल्याकडे किती उरलंय. फिरत्या नजरेने सगळं भरून काढलं होतं. मी त्याला थांबायला शिकवलं आणि मगच त्याला ते दिसलं.

दुसऱ्या खेपेला तो मशीनसमोर दगडासारखा बसला. अहवाल स्वच्छ आला. मधे एवढासा उजेडाचा डाग, भोवती सगळं काळं. डॉक्टर त्या चित्राकडे बराच वेळ बघत राहिले आणि पहिल्यांदा कैलासला म्हणाले, "तुम्ही इथवर आलात कसे?"

"बसनं," कैलास म्हणाला.

दाखला मिळाला. मी तो घेऊन त्याच्याबरोबर मुश्ताकशेठकडे गेले. चहा आला. शेठने चष्मा लावून दाखला वाचला, उलटून पाठ बघितली, परत वाचला.

"एवढं आहे हे?"

"एवढं आहे. आता टेबल द्या. तुमची जबान होती."

त्याने दाखल्याची घडी घातली. मग म्हणाला, "टेबल कुठे आहे बेटी? शेडच्या त्या टोकाला. जायचं कुठून? लूममधून."

"टेबल दाराशी आणा."

"दाराशी टेम्पो लागतो, माल चढतो. तिथे तर अजून वाईट." त्याने चष्मा काढला. "कागद नव्हता तोवर मला माहीत नव्हतं. आता आहे. उद्या याचा पाय गेला तर विचारतील, मुश्ताक, तुझ्या टेबलाच्या खणात दाखला, आणि आंधळा माणूस तू आत सोडलास? काय सांगू मी?"

"आंधळा नाही तो. समोरचं तुमच्या-माझ्यापेक्षा—"

"तूच म्हणालीस ना, बाजूचं दिसत नाही? मी मानत नव्हतो. तू मानायला लावलंस."

मी वाटेल ते बोलले. कायदा सांगितला, मोर्चा आणते म्हणाले, वडिलांच्या दुधाची आठवण काढली. कैलास मध्येच उठला. "ताई, ऱ्हाऊं द्या. शेठनी एवढी वर्सं ठेवला." जाताना त्याने दाराची चौकट हाताने चाचपली. पूर्वी तो कधी चाचपायचा नाही, धडकायचा. मुश्ताकशेठ ते बघत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हेही लिहिते. त्या पाण्याचा कोणाला काही उपयोग झाला नाही.

कामगार कार्यालय, बोर्ड, आमचीच संघटना, सगळीकडे अर्ज आहेत. पुढे काय झालं विचारू नका. राहनाळच्या गोडाऊनांतून विचारलं. लेबल वाचायला असा माणूस सापडणार नाही म्हटलं. दाखला बघितला की सुपरवायझर सौजन्याने उभा राहतो आणि फाटकापर्यंत सोडायला येतो.

परवा त्याच्या घरी गेले होते. पांढरी काठी घेऊन; निदान चालायला शिकवू म्हणून. कैलास पाटावर बसला होता, भिंतीकडे तोंड. टिकली अजून तिथेच होती, कडेने काळवंडलेली. वहिनींनी चहाचा पेला त्याच्या उजव्या हाताशी ठेवला. पूर्वी त्याची नजर एका झपाट्यात पेल्यावर आली असती. पेला निवत राहिला.

"कैलासदादा," मी म्हणाले, "आता डोळा फिरवायचा. ती परीक्षा संपली. फिरवलात की पुष्कळ दिसतं तुम्हाला, आधी दिसायचं तेवढंच."

"कशाला फिरवू?" तो म्हणाला. "बाजूला कई न्हाय, समजलं ना मना."

वनितावहिनी त्याच्या डाव्या खांद्याला टेकून बसल्या होत्या.

"मी हाय ना," त्या म्हणाल्या.

त्याची नजर टिकलीवरून हलली नाही.